अ‍ॅबस्ट्रॅक्टचा फॉर्म सगळ्यात शेवटी उघडा: वैद्यकीय परिषदेला प्रस्ताव पाठवण्याची रीत

रात्रीचे पावणेअकरा वाजलेले असतात आणि फोन येतो. "मॅडम, पोर्टल बाराला बंद होऊन राहिलं, आन् ते एथिक्सचा नंबर मागून राहिलं. काय टाकू?"

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतून, कधी धंतोलीतल्या खासगी रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरकडून, दर वर्षी असे दोन-तीन फोन ठरलेले. माझं उत्तरही ठरलेलं. नंबर नसेल तर काहीच टाकू नका. लॅपटॉप बंद करा आणि झोपा, सकाळी ओपीडी आहे.

मी शिकवते आणि परिषदांसाठी आलेले अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे केलेल्या कामाचे छोटे गोषवारे, तपासतेही. दोन्हीकडून बघितल्यावर चूक कुठे होते ते लक्षात येतं. बहुतेक जण पोर्टलवरचा फॉर्म उघडूनच कामाला सुरुवात करतात आणि तो विचारेल त्या क्रमानं भरत जातात: आधी शीर्षक, मग लेखक, मग पार्श्वभूमी. आकड्यांपाशी येईपर्यंत शब्द संपतात आणि परवानगीच्या रकान्यापाशी येईपर्यंत वेळ. खाली दिलेल्या क्रमात फॉर्म आठव्या टप्प्यावर येतो. तो तिथंच राहू द्या.

हे निवासी डॉक्टरांइतकंच नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी आणि लॅबमधल्या मंडळींसाठीही आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट तुम्हाला बहुधा इंग्रजीत लिहावा लागेल, पण उदाहरणं मी मराठीत देते. इंग्रजी बरं नाही म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाकारला गेला असं क्वचितच होतं. काय सांगायचंय तेच ठरलेलं नव्हतं, असं मात्र नेहमी होतं.

## टप्पा १: परिषद खरी आहे का ते बघा, मग तिचं पत्रक वाचा

"आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर कार्यानं प्रभावित होऊन..." अशा मेलनं आलेलं निमंत्रण आधी बाजूला ठेवा. हृदयरोग, शेती आणि नॅनोतंत्रज्ञान एकाच छताखाली असलेली परिषद, पाठवल्यापासून दोन दिवसांत येणारा स्वीकार आणि लगेच मागितलेली फी, या तीन खुणा पुरेशा आहेत. खऱ्या परिषदेमागे एखादी व्यावसायिक संघटना किंवा संस्था असते, तिचे पदाधिकारी माहितीतले असतात आणि मागच्या वर्षी तिथे जाऊन आलेला माणूस तुमच्याच विभागात सापडतो. त्याला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

परिषद खरी निघाली की तिच्या नियमांचं पत्रक छापून घ्या आणि हातात पेन घेऊन वाचा. मोबाईलवर वर-वर सरकवत वाचलेलं पत्रक म्हणजे न वाचलेलं पत्रक. एका कोऱ्या कागदावर या गोष्टी उतरवून काढा:

- शेवटची तारीख, वेळ आणि ती वेळ कोणत्या देशाची
- शब्दमर्यादा की अक्षरमर्यादा, आणि तिच्यात शीर्षक धरतात का
- ठरवून दिलेले उपमथळे
- सादर करणारा सभासद असायलाच हवा का, आधी रजिस्ट्रेशन भरायला हवं का
- एका व्यक्तीला किती अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवता येतात
- आधी दुसरीकडे सादर केलेलं काम चालतं का
- अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये संस्थेचं नाव चालतं का

वेळेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे माणसं दोन्ही बाजूंनी फसतात. अमेरिकेतल्या परिषदेची मुदत 'रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम' अशी असेल, तर आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी संपते: त्यांच्या उन्हाळ्यात ९:२९ ला, हिवाळ्यात १०:२९ ला. मध्य युरोपातली असेल तर पहाटे साडेतीन किंवा साडेचारच्या एक मिनिट आधी. पलीकडे सिंगापूर किंवा सिडनीची मुदत मात्र आपल्या मध्यरात्रीच्या कितीतरी आधी उलटून जाते. कागदावर भारतीय वेळच लिहा.

रजिस्ट्रेशनची अट फार जण सोडून देतात. काही परिषदा अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारल्यावर पैसे भरायला सांगतात, काहींना आधी पावती क्रमांक लागतो. पैसे परत मिळण्याचा नियमही तेव्हाच वाचून घ्या.

तपासा: हा कागद तयार नसेल तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका. कागद विभागाच्या भिंतीवर चिकटवला तर आणखी बरं, को-ऑथर (सहलेखक) पण वाचतात.

## टप्पा २: परवानगीचे कागद

इथे मी मुद्दाम जास्त रेंगाळणार आहे, कारण ही एकच जागा अशी आहे की जिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

भारतात माणसांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आधाराला धरली जातात. त्यांचं सार एका ओळीत: आधी एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिकतेला धरून आहे का ते तपासणारी समिती) मंजुरी, मग काम. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही. यावर हमखास प्रश्न येतो, "पण मॅडम, माझी तर रेट्रोस्पेक्टिव्ह स्टडी आहे." रेट्रोस्पेक्टिव्ह स्टडी वेगळी आणि मागाहून घेतलेली परवानगी वेगळी. मागच्या तीन वर्षांच्या केसपेपरवर अभ्यास खुशाल करा, पण ते केसपेपर अभ्यासासाठी रेकॉर्ड रूममधून बाहेर काढण्याआधी मंजुरी हातात हवी.

दुसरा गैरसमज ऑडिट आणि क्वालिटी इम्प्रूव्हमेंटच्या कामांबद्दल. संस्थेअंतर्गत गुणवत्तेच्या ऑडिटला पूर्ण छाननीतून सूट मिळू शकते, हे खरं. पण सूट आहे हे कमिटी ठरवते, तुम्ही नाही. कमिटीकडे अर्ज करा आणि सूट दिल्याचं पत्र घ्या. फॉर्मवर त्याच पत्राचा क्रमांक टाकायचा असतो.

तिसरा, निवासी डॉक्टरांचा. थिसिसच्या सिनॉप्सिसला (आधी दिलेल्या आराखड्याला) मंजुरी आहे म्हणून त्याच रुग्णांवरचा भलताच प्रश्न अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये घालतात. सिनॉप्सिसमध्ये तो उद्देश नसेल, तर कमिटीकडे सुधारणेचा अर्ज करावा लागतो. गाइडला विचारा आणि लवकर विचारा. कमिटीची बैठक काही रोज भरत नाही, एक चुकली की पुढचीची वाट बघणं आलं.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणीही लागते आणि ती पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

केस रिपोर्टवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. एका रुग्णाची कहाणी असली तरी त्याची लेखी संमती हवी, आणि ती ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची नव्हे. रुग्णाला कळेल अशा भाषेत, 'तुमच्या आजाराची माहिती आणि फोटो डॉक्टरांच्या सभेत दाखवू का' हे वेगळं विचारलेलं हवं. नागपूरच्या वॉर्डांत मराठी, हिंदी, गोंडी बोलणारी माणसं शेजारशेजारच्या खाटांवर असतात. संमतीपत्र इंग्रजीत छापून त्याखाली अंगठा घेतला, तर ती संमती कसली? डिस्चार्जनंतर रुग्ण गडचिरोलीतल्या गावी गेला की गाठ पडणं कठीण, म्हणून तो वॉर्डात असतानाच हे करून घ्या.

आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, हा समज सोडा. लपत नाही. गाव, व्यवसाय, दाखल झाल्याची तारीख आणि नेमकं वय एकत्र लिहिलं, तर फोटो नसतानाही माणूस ओळखू येतो. 'तिशीतील शेतमजूर स्त्री' एवढं पुरतं.

थांबा: पत्र हातात नसेल आणि मुदत आठवड्यावर आली असेल, तर या वर्षी ही परिषद सोडून द्या. 'अर्ज केला आहे' हा क्रमांक नसतो.

## टप्पा ३: डेटा गोठवा

एक तारीख ठरवा. त्या तारखेनंतर एक्सेलच्या त्या फाइलमध्ये नवा रुग्ण नाही, खाडाखोड नाही. फाइलच्या नावात तारीख घाला, एक प्रत गाइडला पाठवा. 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-खरंच' अशा तीन फाइली असलेल्या लॅपटॉपमधून एकसारखे आकडे बाहेर येतील ही अपेक्षा ठेवू नका.

मग माणसं मोजा. किती आले, किती घेतले, किती गळले, का गळले. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये 'पद्धत' म्हणते १२० रुग्ण आणि 'परिणाम' बेरजेत ११८ भरतात, हे तपासणाऱ्याला पहिल्या वाचनात दिसतं. दोन रुग्ण मधेच निघून गेले असतील तर तसं लिहा. त्यात लाज नाही. न सांगता गायब झालेले दोन रुग्ण बाकीच्या ११८ बद्दलही शंका आणतात.

'परिणाम परिषदेत मांडले जातील' या वाक्यानं भरलेला रकाना बहुतेक ठिकाणी सरळ नाकारला जातो. काम अर्धवट असेल तर चालू कामासाठी वेगळा विभाग आहे का ते पहिल्या टप्प्यातल्या कागदावर बघा. नसेल तर पुढचं वर्ष.

## टप्पा ४: प्रकार आणि विभाग ठरवा

ओरल पेपर, पोस्टर, ई-पोस्टर, केस रिपोर्ट, अवॉर्ड पेपर, कार्यशाळा. फॉर्मवर यातलं एकच निवडता येतं आणि त्यावरून तुमचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट कोणाच्या हातात पडेल ते ठरतं. नर्सिंगच्या क्वालिटी प्रोजेक्टवर 'मूळ संशोधन' अशी खूण केली, की तो तपासणाऱ्याच्या हातातली मोजपट्टी बदलते: रँडमायझेशन (रुग्णांची गटांत चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी) कुठे आहे, सॅम्पल साइझ (किती रुग्ण घ्यायचे तो आकडा) कशावरून काढला, असे प्रश्न येतात. तोच प्रोजेक्ट योग्य विभागात गेला तर विचारतात, काय बदललं आणि ते टिकलं का.

'ओरल मिळालं नाही तर पोस्टर चालेल का?' या चौकटीवर हो म्हणा. पोस्टरला कमी समजण्याची आपल्याकडे उगाच पद्धत आहे. पोस्टरपाशी उभं राहिलं तर दहा माणसं खरोखर बोलतात. जेवणाआधीच्या ओरल सत्रात समोरचे घड्याळ बघत असतात.

प्रकार ठरला की त्याची तपासयादी, म्हणजे लिखाणात काय काय यायला हवं त्याची यादी, उतरवून घ्या. केस रिपोर्टला केअर, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, चाचणीला कन्सॉर्ट (अ‍ॅबस्ट्रॅक्टसाठी तिची वेगळी छोटी यादी आहे), क्वालिटी इम्प्रूव्हमेंटला स्क्वायर २.०. सगळ्या इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर फुकट मिळतात.

## टप्पा ५: लिहा, पण उलट्या क्रमानं

समजा, मेडिसिन वॉर्डातल्या एका सिस्टरचं काम आहे. सलाइनच्या कॅन्युलामुळे (शिरेत बसवलेल्या बारीक नळीमुळे) शीर सुजते, लाल होते, त्याला आपण फ्लेबायटिस म्हणतो. मे महिन्यात वॉर्डात कूलर चालू, हवा दमट, रुग्णाला घाम. कॅन्युलावरचा टेप कडेनं सुटतो, नळी आत हलते आणि दुसऱ्या दिवशी मनगट सुजलेलं. सिस्टरनं सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, ड्रेसिंगवर लावल्याची तारीख लिहायला लावली आणि दर पाळीत कॅन्युला बघून नोंद करण्याची सवय लावली. आठ आठवडे आधी आणि आठ आठवडे नंतर मोजलं. (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, ते कुठल्या वॉर्डाचे नाहीत.)

पहिलं वाक्य: निष्कर्ष. शेजारच्या पाळीतल्या सिस्टरला एका श्वासात काय सांगाल? "रोज बघायला लागलो आणि शीर सुजण्याचं प्रमाण कमी झालं." हे मराठीत कागदावर लिहा. आता अ‍ॅबस्ट्रॅक्टचं प्रत्येक वाक्य याच वाक्यासाठी उभं राहील. जे राहत नाही ते जाईल.

मग परिणाम. माझ्याकडे येतं ते वाक्य असं असतं:

*प्रशिक्षणानंतर फ्लेबायटिसच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली (पी < ०.०५).*

पी म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता. पण किती होतं, किती झालं, कितीपैकी, यातलं काहीच कळत नाही. असं लिहा:

*प्रशिक्षणाआधी १२० पैकी ३१ रुग्णांत (२५.८%) आणि नंतर ११८ पैकी १७ रुग्णांत (१४.४%) फ्लेबायटिस आढळला, फरक ११.४ टक्केबिंदूंचा (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल १.४ ते २१.५; पी = ०.०२८).*

कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पल्ला. वाक्य लांबलं, पण तपासणाऱ्याला आता तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, तो स्वतः हिशेब करू शकतो. आणि मी करतेच. ३१ भागिले १२० कॅल्क्युलेटरवर घालून बघते. २५.८ च्या जागी २८.५ लिहिलेलं सापडलं की पुढचे आकडे मी संशयानं वाचते.

एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यू .००० दाखवतं म्हणून तसंच उतरवू नका. शून्य शक्यता नसते. 'पी < ०.००१' लिहा. आणि रुग्णच सात असतील तर '७१.४ टक्के' लिहून काय मिळवलं? 'सातपैकी पाच' म्हणा.

मग पद्धत. वाचणाऱ्याला तोच प्रयोग आपल्या वॉर्डात करता येईल इतकं सांगा: कोणता वॉर्ड, कोणते महिने, कोणाला घेतलं, फ्लेबायटिस कशाला म्हटलं. शेवटची बाब सर्रास राहून जाते. 'सूज दिसली' हे मोजमाप नाही. 'व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस स्कोअर २ किंवा त्याहून जास्त' हे मोजमाप.

इथेच एक खाच आहे. आधीचे आठ आठवडे एप्रिल-मेचे आणि नंतरचे जुलै-ऑगस्टचे असतील, तर प्रमाण कशानं उतरलं, प्रशिक्षणानं की पावसानं? नागपूरचा मे सोसलेला तपासणारा हे विचारणारच. महिने लपवू नका. महिने लिहा आणि निष्कर्षात एक वाक्य द्या: ऋतुबदलाचा परिणाम यातून वेगळा काढता आला नाही. स्वतःची मर्यादा स्वतः सांगणाऱ्याला गुण जास्त मिळतात, निदान माझ्याकडून तरी.

मग निष्कर्षाचं पक्कं वाक्य. वरचं कॉन्फिडन्स इंटरव्हल पुन्हा बघा: १.४ ते २१.५. फरक मोठाही असू शकतो आणि अगदी मामुलीही. मग 'हे प्रशिक्षण अत्यंत प्रभावी असून सर्व रुग्णालयांत सक्तीचं करावं' हे कुठून आलं? 'या वॉर्डात प्रशिक्षण आणि रोजच्या नोंदीनंतर फ्लेबायटिसचं प्रमाण कमी झालं. ते टिकतं का हे पाहण्यासाठी वर्षभराची नोंद चालू आहे' एवढंच म्हणा. अर्थात नोंद खरंच चालू असेल तरच.

पार्श्वभूमी आता. दोन वाक्यं. एक, अडचण काय. दोन, आम्ही काय बघायचं ठरवलं. जगभरात किती रुग्णांना सलाइन लागतं याची कुंडली मांडायची नाही. २५० शब्दांपैकी नव्वद शब्द पार्श्वभूमीवर उडवलेले अ‍ॅबस्ट्रॅक्ट मी दर मोसमात बघते आणि त्यांचे परिणाम दीड ओळीत उरकलेले असतात.

शीर्षक सगळ्यात शेवटी. *फ्लेबायटिसचा अभ्यास: एका रुग्णालयातील अनुभव* यातून काही कळत नाही. *मेडिसिन वॉर्डात कॅन्युलाची दर पाळीत तपासणी आणि परिचारिका प्रशिक्षणानंतर फ्लेबायटिसचं प्रमाण: आधी-नंतर तुलना* यात कुठे, काय केलं, काय मोजलं आणि कसं, सगळं आलं.

केस रिपोर्टच्या शीर्षकात 'दुर्मीळ' हा शब्द घालण्याआधी दहा वेळा विचार करा. विदर्भातून 'सिकल सेलचा एक दुर्मीळ रुग्ण' असं शीर्षक आलं की मला हसू येतं. सिकल सेलचा रुग्ण इथे दुर्मीळ नाही, आपल्या ओपीडीत रोज बसलेला असतो. त्याच्या बाबतीत वेगळं काय घडलं, ते शीर्षकात घाला.

थांबा: शब्द कमी करण्यासाठी चॅटबॉटची मदत घेत असाल, तर रुग्णाची माहिती त्यात टाकू नका आणि परत आलेला प्रत्येक आकडा मूळ फाइलशी ताडून बघा. वाक्य गुळगुळीत करताना '१२० पैकी ३१' चं 'सुमारे एक तृतीयांश' झालेलं मी पाहिलं आहे. पाव आणि एक तृतीयांश यात फरक असतो, पोळीतही आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येही. काही परिषदा आता अशा मदतीची नोंद मागतात. मागितली तर खरं लिहा.

## टप्पा ६: लेखकांची यादी

भांडणं इथे होतात, म्हणून लवकर मिटवा. आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार निकष आहेत आणि लेखक म्हणून नाव लावायचं तर चारही पूर्ण व्हावे लागतात: कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा; मजकूर लिहिण्यात किंवा विचारपूर्वक सुधारण्यात सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून नाव लावायची आपली जुनी सवय यात बसत नाही. व्यवहारात तुम्हाला ती एका रात्रीत मोडता येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. निदान उलटं तरी करू नका: रात्रपाळीत नोंदी घेणारी सिस्टर गाळून, मसुदा न वाचलेल्या सरांना दुसऱ्या क्रमांकावर बसवू नका. तिला मसुदा दाखवा, सुचवण्या घ्या, मग तिचं नाव हक्कानं येतं.

प्रत्येक को-ऑथरला पूर्ण मसुदा पाठवून लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालणार नाही, ईमेल हवा. त्याच वेळी त्यांच्या नावाचं स्पेलिंग, पद आणि ईमेलही मागून घ्या. फॉर्मच्या वेळी सरांना फोन करून 'सर, तुमचा ईमेल काय?' विचारायला लागू नये.

सादर करणाऱ्याचा ईमेल कोणता द्यायचा, यावर माझाच एक धडा. रेसिडेन्सीच्या शेवटच्या महिन्यांत मी एका परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला आणि पत्ता दिला संस्थेचा. कोर्स संपला, खातं बंद झालं, स्वीकाराचं पत्र त्या बंद खात्यावर गेलं. होकार कळवण्याची तारीख उलटली आणि माझी ओरलची जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्याला गेली. मला ते कळलं तेव्हा कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. तेव्हापासून स्वतःचा, कायमचा ईमेल.

## टप्पा ७: दोघांकडून वाचून घ्या

एक विषयातला, एक बाहेरचा. बाहेरच्याला वाचून झाल्यावर कागद उलटा करायला सांगा आणि विचारा: काय केलं, काय सापडलं? त्याला सांगता आलं नाही तर दोष तुमच्या मसुद्याचा.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट नावं लपवून तपासला जाणार असेल, तर संस्थेचा माग काढून टाका. 'नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात' च्या जागी 'मध्य भारतातील एका अध्यापन रुग्णालयात'. शीर्षक बघा, पद्धत बघा, आणि सोबत जोडलेल्या फाइलचं नावही बघा. मजकुरातून संस्था पुसून फाइलच्या नावात स्वतःचं आडनाव ठेवणारे बरेच असतात.

## टप्पा ८: आता फॉर्म उघडा

मुदतीच्या किमान दोन दिवस आधी. शेवटच्या तासात पोर्टल कुथत चालतं, ओटीपी येत नाही आणि बाहेर पावसाळा असेल तर वीज जाते.

१. खातं उघडा आणि पुष्टीचा मेल आल्याची खात्री करा. स्पॅमही बघा.

२. वर्डमधून थेट चिकटवू नका. आधी नोटपॅडमध्ये, तिथून पोर्टलवर. मग ±, ≥, µ ही चिन्हं शोधा. कित्येकदा ती प्रश्नचिन्हं होऊन बसतात. '५२ ± ९ वर्षे' चं '५२ ? ९ वर्षे' झालेलं मी तपासलेल्या कितीतरी अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये तसंच राहिलेलं होतं. शंका असेल तर चिन्हाऐवजी शब्द लिहा. मायक्रोग्रॅमचा µ गळून नुसता ग्रॅम उरला, तर डोस दहा लाख पटींनी वाढतो.

३. शब्द पोर्टलच्या मोजणीनं मोजा. वर्ड आणि पोर्टल यांची मोजणी जुळेलच असं नाही. पाच-सहा शब्द हाताशी शिल्लक ठेवा.

४. एथिक्स मंजुरीचा क्रमांक आणि तारीख पत्र समोर ठेवून भरा, आठवणीतून नाही.

५. हितसंबंधांच्या रकान्यात खरं लिहा. औषध कंपनीनं किट किंवा प्रवासखर्च दिला असेल तर इथे तो सांगायचा.

६. 'प्रीव्ह्यू' उघडा, पीडीएफ उतरवा आणि ती कागदावर छापून एकदा वाचा. पडद्यावर न दिसलेली चूक कागदावर दिसते.

७. 'सेव्ह' आणि 'सबमिट' ही दोन वेगळी बटणं आहेत. ड्राफ्ट म्हणून जपून ठेवलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट कुणाकडेच जात नाही.

तपासा: संदर्भ क्रमांक असलेला मेल आला का? चोवीस तासांत नाही आला तर पोर्टलवरची स्थिती बघा आणि सचिवालयाला लिहा. क्रमांकाचा स्क्रीनशॉट सगळ्या को-ऑथरना पाठवा.

## टप्पा ९: पाठवल्यानंतर

मुदतीआधी चूक सापडली तर बहुतेक पोर्टल बदल करू देतात. मुदतीनंतर मजकुरात काही होत नाही. पण आकडा खरोखर चुकला असेल तर सचिवालयाला लेखी कळवा. स्टेजवर कुणीतरी तो पकडण्यापेक्षा ते बरं.

निकाल आला की त्यातलं प्रत्येक वाक्य वाचा: ओरल मागितलं आणि पोस्टर मिळालं का, होकार कधीपर्यंत द्यायचा, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत. होकार त्याच दिवशी द्या. मग रजा आणि तिकीट. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या नागपूरहून लगेच भरतात.

पोस्टरचं माप आणि ते उभं की आडवं, हे पत्रातच असतं. मेडिकल चौकातल्या छपाईवाल्याला ते मोबाईलवर दाखवून सांगू नका, कागदावर लिहून द्या, आडवं की उभं यावर गोल करून. एका विद्यार्थिनीचं सुरेख आडवं पोस्टर अरुंद उभ्या बोर्डावर दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर लोंबत होतं आणि परिणामांचा रकाना नेमका शेजारच्याच्या पोस्टरवर आला होता.

जाणं जमणारच नसेल, तर सादर करणारी व्यक्ती बदलता येते का ते विचारा, नाही तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेत असल्याचं वेळेत लेखी कळवा. न कळवता गैरहजर राहिलेल्याचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट काही परिषदा स्मरणिकेतून काढून टाकतात, आणि काही पुढच्या वर्षी त्याचा नवा प्रस्तावच घेत नाहीत. हा नियमही पत्रकात असतो, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.